रोगप्रतिकारक पेशी कशा घडतात? संकेत-प्रथिनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन येणारे आई-बाप, आजी-आजोबा, आशाताई, नर्सताई आणि बारावीची मुलं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. औषध सुरू करणं-बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. पेशी कुठून येतात आणि का कमी पडतात, एवढं मी सांगू शकतो.

झिलाक सारखो ताप येता, डॉक्टर म्हणतत पेशी कमी आसत. म्हंजे नक्की काय?

आधी कोणत्या पेशी, ते रिपोर्टवर बघायचं. डेंगीच्या दिवसांत ‘पेशी कमी’ म्हणजे बहुतेक वेळा प्लेटलेट. त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही. इथे विषय पांढऱ्या पेशींचा. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, त्यांचे पाच प्रकार दिसतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. लिम्फोसाइटमध्ये पुन्हा टी, बी आणि एनके असे पोटप्रकार असतात, पण ते सीबीसीत वेगळे कळत नाहीत.

या सगळ्या पेशी बोनमॅरोतल्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून होतात. आपण पुढे काय व्हायचं हे मूळ पेशीच्या अंगी आधीच ठरलेलं नसतं. शेजारच्या पेशी तिला पावलोपावली प्रथिनांच्या रूपात संकेत देतात. तो संकेत आला नाही तर पेशी वाट बघत बसत नाही, बहुधा मरून जाते. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

हे संकेत देतं कोण आणि ते पोचतात कसे?

बोनमॅरोत रक्तपेशींच्या भोवती आधार देणाऱ्या पेशींचं जाळं असतं. थायमस या ग्रंथीत तिच्या स्वतःच्या अस्तराच्या पेशी असतात. बहुतेक संकेत यांच्याकडून येतात. काही प्रथिनं सुटी होऊन आसपास पसरतात, ती सायटोकाइन. काही ‘इकडे ये’ किंवा ‘इथेच थांब’ एवढंच सांगतात, ती केमोकाइन. आणि काही पेशीच्या अंगावरच घट्ट बसलेली असतात. दोन पेशी एकमेकींना टेकल्याशिवाय त्यांचा संकेत पोचतच नाही.

केमोकाइनचा उपयोग प्रत्यक्ष बघायचा असेल तर बोनमॅरो दात्याकडे बघावं. सीएक्ससीएल-१२ नावाचं केमोकाइन मूळ पेशींना हाडाच्या पोकळीत धरून ठेवतं. दात्याला काही दिवस जी-सीएसएफचं (न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या सायटोकाइनचं) इंजेक्शन दिलं की ही पकड सैल होते, मूळ पेशी रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून गोळा करता येतात. त्यामुळे आता पुष्कळदा हाडात सुई घालावीच लागत नाही.

एक प्रथिन नसलं तर एवढं काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. इंटरल्युकिन-७ चं उदाहरण घेऊ. हे सायटोकाइन १९८८ मध्ये ओळखलं गेलं. त्याला पकडणारा रिसेप्टर दोन साखळ्यांचा असतो. इंटरल्युकिन-७ येऊन बसलं की दोन्ही साखळ्या जवळ येतात. त्यांना आतल्या बाजूने चिकटलेली जॅक-१ आणि जॅक-३ ही एन्झाइमं जागी होतात आणि रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट बसवतात. तिथे स्टॅट-५ हे प्रथिन येऊन लागतं, त्यालाही फॉस्फेट मिळतं, मग त्याची जोडी जुळते आणि ती जोडी केंद्रकात जाऊन जनुकं चालू करते. त्यातून जी प्रथिनं वाढतात त्यांत बीसीएल-२ असतं आणि ते पेशीला मरण्यापासून अडवतं. ‘जग’ आणि ‘वाढ’ हे दोन्ही निरोप एकाच वाटेने येतात ते असे.

या दोन साखळ्यांपैकी गॅमा नावाची साखळी इंटरल्युकिन-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहाही सायटोकाइनना लागते. तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मुलग्यांत एक्स एकच असतं. त्यातला दोष १९९३ मध्ये सापडला आणि काही कुटुंबांत फक्त मुलगेच लहानपणी का दगावतात याचा उलगडा झाला. अशा बाळात इंटरल्युकिन-७ चा निरोप आत जात नाही म्हणून टी पेशी नसतात, इंटरल्युकिन-१५ चा जात नाही म्हणून एनके पेशी नसतात. बी पेशी संख्येने असतात, पण टी पेशींच्या मदतीवाचून त्या कामाची अँटिबॉडी करू शकत नाहीत. या आजाराला सिव्हिअर कम्बाइंड इम्युनोडेफिशियन्सी, थोडक्यात ‘स्किड’ म्हणतात. अमेरिकेतला डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ ते १९८४ हे त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य जंतुविरहित प्लास्टिकच्या आवरणात जगला, तो याच आजारामुळे.

टी पेशी व्हायचं की बी पेशी, हे कोण ठरवतं?

नॉच नावाचं प्रथिन. मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

बोनमॅरोतून निघालेली कोवळी पेशी थायमसमध्ये येते तेव्हा तिच्यापुढे अजून बऱ्याच वाटा खुल्या असतात. तिच्या अंगावर नॉच असतं. थायमसच्या अस्तरावर डीएलएल-४ हे प्रथिन असतं. दोघी टेकल्या की डीएलएल-४ नॉचला धरून ओढतं, अक्षरशः ओढतं. ओढ बसली की नॉचची घडी उलगडते आणि आत लपलेली जागा उघडी पडते. मग एक एन्झाइम तिथे बाहेरून काप घेतं, दुसरं पेशीपटलाच्या आतून. सुटलेला तुकडा थेट केंद्रकात जातो आणि टी पेशीची जनुकं चालू करायला लागतो: आधी टीसीएफ-१ आणि गाटा-३, पुढे बीसीएल-११बी. बीसीएल-११बी चालू झालं की बाकीच्या वाटा बंद. मध्ये निरोप्यांची रांग नाही. ज्या रिसेप्टरने संकेत घेतला, त्याचाच तुकडा जाऊन काम करतो.

१९९९ मध्ये उंदरांमधलं नॉच-१ चं जनुक काढून पाहिलं गेलं. थायमसमध्ये टी पेशी तयार झाल्या नाहीत, त्याऐवजी बी पेशी दिसू लागल्या. त्याच वर्षी उलटा प्रयोगही झाला: मूळ पेशींत नॉच सतत चालू ठेवलं, तर टी पेशी चक्क बोनमॅरोतच तयार होऊ लागल्या.

पण हा संकेत वेळेवर थांबावाही लागतो. २००४ मध्ये दिसून आलं की टी पेशींच्या तीव्र रक्ताच्या कर्करोगात निम्म्याहून जास्त रुग्णांच्या नॉच-१ मध्ये बदल झालेले असतात आणि संकेत चालूच राहतो. बाळाच्या जिवाला जे प्रथिन आवश्यक, तेच बंद झालं नाही तर ल्युकेमिया.

थायमस कुठे असतो? सोनोग्राफीत कधी त्याचं नाव ऐकलं नाही.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला. तान्ह्या बाळात तो चांगला मोठा असतो, वयात येऊ लागलं की त्याची जागा हळूहळू चरबी घेते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या तपासणीत त्याचं नाव सहसा निघत नाही. १९६१ पर्यंत तर तो निरुपयोगी अवयव समजला जायचा. त्या वर्षी जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांचा थायमस काढून दाखवला, तेव्हा कळलं की त्याच्याशिवाय लिम्फोसाइट नीट घडत नाहीत.

बाळाच्या छातीच्या एक्स-रेवर हृदयाच्या कडेला तिकोनी सावली दिसते, बहुतेक उजवीकडे. खालची कड सरळ, टोक बाहेर, वाऱ्यावर फुगलेल्या होडीच्या शिडासारखी. रेडिओलॉजिस्ट तिला शीडच म्हणतात. नवख्या नजरेला तो न्यूमोनियाचा डाग वाटू शकतो, पण ती निरोगी थायमसची खूण आहे. उलट, वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या एक्स-रेत ती सावली अजिबात नसेल तर थांबून विचार करायला हवा. मात्र मोठ्या आजारपणात थायमस काही दिवसांतच आकसतो, म्हणून नुसत्या एक्स-रेवरून निदान होत नाही.

थायमसमध्ये पेशी शिकतात म्हणतात, म्हणजे काय होतं?

तिथे निवड होते आणि ती निष्ठुर असते. प्रत्येक कोवळी टी पेशी स्वतःचा एक वेगळा रिसेप्टर जुळवते. तो कशाला चिकटेल हे जुळवताना ठरलेलं नसतं. अस्तराच्या पेशी त्याच्यापुढे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे धरतात. रिसेप्टर काहीच ओळखत नसेल तर जगण्याचा संकेत मिळत नाही, पेशी मरते. हलकेच ओळखला तर संकेत सौम्य, पेशी जगते. फारच घट्ट चिकटला तर संकेत जोराचा, आणि पेशीला मरावं लागतं, कारण ती पुढे आपल्याच अंगावर उलटली असती. संकेत नेणारी प्रथिनं, एलसीके आणि झॅप-७०, तिन्ही वेळा तीच. फरक फक्त संकेताच्या जोराचा आणि तो किती वेळ टिकतो याचा. थायमसमध्ये घडू लागलेल्या शंभर पेशींतल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत, असा अंदाज आहे.

थायमस छातीत असून तिथे स्वादुपिंडातलं इन्सुलिन दाखवतं कोण, हा प्रश्न एका बारावीच्या मुलीने विचारला होता. प्रश्न अगदी योग्य. थायमसच्या आतल्या भागात आयर नावाचं प्रथिन असतं. ते अस्तराच्या पेशींना शरीरभरच्या इतर अवयवांची प्रथिनं थोडी थोडी तयार करायला लावतं. इन्सुलिन त्यांतलंच एक. कोवळ्या पेशींना त्या आतल्या भागाकडे नेण्याचं काम पुन्हा केमोकाइनचंच.

जोर मध्यम-चढा असेल आणि जोडीला इंटरल्युकिन-२ मिळालं, तर काही पेशी फॉक्सपी-३ हे प्रथिन चालू करून ‘रेग्युलेटरी टी पेशी’ होतात आणि इतर पेशींना आवर घालतात. या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

बी पेशींचं काय?

त्या बोनमॅरोतच घडतात. त्यांच्या वाटेवर बीटीके हे प्रथिन लागतं. १९५२ मध्ये ब्रुटन या अमेरिकन डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाचं वर्णन केलं, ज्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडींचा भाग, नव्हतंच. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये मिळालं, ते बीटीकेचं. हेही एक्स गुणसूत्रावर, म्हणून मुलग्यांत. ही मुलं पहिले काही महिने ठणठणीत असतात, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात. त्या सरत आल्या, साधारण सहा महिन्यांनंतर, की कान फुटणं आणि न्यूमोनिया सुरू. अशा मुलाचा घसा बॅटरी मारून बघितला तर टॉन्सिल जवळजवळ दिसतच नाहीत. दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, देऊन ती मोठी होतात, शाळेत जातात.

रिपोर्टवर ‘इओसिनोफिल वाढले’ आणि कधी ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहिलेलं असतं. त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे. इओसिनोफिल घडवणारा मुख्य संकेत इंटरल्युकिन-५. जंत, फायलेरिया, दमा किंवा अॅलर्जी असली की तो वाढतो.

लेफ्ट शिफ्ट म्हणजे रक्तात न्यूट्रोफिल पूर्ण पिकायच्या आधीच उतरलेले दिसणं. काचपट्टीवर पिकलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार खंडांचं दिसतं, कोवळ्याचं एकसंध, वाकवलेल्या पट्टीसारखं. भातलावणीनंतर लेप्टोचा ताप घेऊन आलेल्या माणसाच्या काचपट्टीवर अशा पेशी पुष्कळ दिसू शकतात. संसर्गात जी-सीएसएफ वाढतं आणि बोनमॅरोला घाई करायला लावतं, त्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. केमोथेरपीनंतर देतात ते इंजेक्शनही जी-सीएसएफचंच.

टी पेशी थायमसमधून बाहेर पडल्या की त्यांचं घडणं संपतं का?

नाही. मदतनीस टी पेशी जंतूशी गाठ पडल्यावर त्या वेळी भोवती कोणतं सायटोकाइन आहे ते बघून वळण घेतात. इंटरल्युकिन-१२ असेल तर टीबीसारख्या, पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंविरुद्धच्या. इंटरल्युकिन-४ असेल तर जंतांविरुद्धच्या. अॅलर्जीही याच वाटेने. टीजीएफ-बीटा आणि इंटरल्युकिन-६ असतील तर बुरशी आणि काही जिवाणूंविरुद्धच्या. इंटरल्युकिन-१२ किंवा त्यापुढच्या इंटरफेरॉन-गॅमाच्या वाटेत जन्मजात दोष असेल तर एरवी निरुपद्रवी असलेली बीसीजी लसही अंगभर पसरू शकते.

आमच्या बाळाला सारखी सर्दी होते. घाबरायचं का?

बहुतेकांनी घाबरू नये. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. मूल मधल्या काळात खेळत असेल, वजन वाढत असेल, तर प्रतिकारशक्तीत दोष असण्याची शक्यता फार कमी.

काळजीचं चित्र वेगळं असतं. पहिल्या काही महिन्यांतच पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. तोंडातला पांढरा बुरा औषधाने न जाणं किंवा जाऊन परत येणं. न थांबणारे जुलाब. बाळसं न धरणं. बीसीजीची जागा चिघळत जाणं, काखेत गाठी येणं. आणि माहेरच्या बाजूला, म्हणजे आईचे भाऊ, मावशीचे मुलगे, कोणी तान्हेपणी दगावलेलं असणं. ही गोष्ट घरात पुष्कळदा कोणी काढत नाही, ‘आता कशाला ते’ म्हणून. डॉक्टरांना ती जरूर सांगा. नात्यात लग्न झालेलं असेल तर तेही सांगा, कारण स्किडचे काही प्रकार आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतात आणि ते मुलींनाही होतात.

सीबीसीत हे पकडता येतं का? रिपोर्ट तर नॉर्मल होता.

इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण माझ्या कामात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

समजा चार महिन्यांचं बाळ आहे. एकूण पांढऱ्या पेशी ६,०००. लिम्फोसाइट ३० टक्के. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात लिम्फोसाइटची मर्यादा २० ते ४० टक्के छापलेली. सगळं हद्दीत, म्हणून कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण तो रकाना मोठ्या माणसाचा आहे. ६,००० चे ३० टक्के म्हणजे १,८००. मोठ्या माणसाला हा आकडा ठीक. तान्ह्या बाळाला नाही. या वयात पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त लिम्फोसाइटच असतात आणि त्यांची संख्या ३,००० च्या खाली असेल तर ती परत तपासून घ्यायला हवी. पुन्हाही कमीच आली तर पुढची तपासणी लागते.

गुणाकार घरीही करता येतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटचे टक्के भागिले शंभर. आशाताईंनी हा हिशोब शिकून घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र संख्या बरी आली म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये; एक्स-गुणसूत्राच्या स्किडमध्ये बी पेशींमुळे एकूण आकडा भरलेला दिसू शकतो.

पुढची तपासणी कुठे होते? मुंबईलाच जावं लागतं का?

टी, बी आणि एनके पेशी वेगवेगळ्या मोजायला फ्लो सायटोमेट्री लागते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे, तिथे जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान होतं. बाळ फार आजारी असेल तर आधी नमुना पाठवता येईल का, हे बालरोगतज्ज्ञांकडून विचारून घ्या. नमुना जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतात. या पेशी जिवंत मोजायच्या असतात, म्हणून नळी बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि शक्यतो एका दिवसात पोचवायची. कुडाळहून रात्री निघालेला नमुना सकाळी परळला पोचू शकतो. शनिवारी रात्री मात्र पाठवू नका, रविवारी तो पडून राहील.

काही देशांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताच्या ठिपक्यावरून टी पेशी घडताहेत का ते तपासतात. आपल्याकडे अशी सर्वांसाठीची तपासणी नाही. म्हणून लक्षणं ओळखण्यावरच सगळी भिस्त.

लसी द्यायच्या की नाही?

निरोगी बाळाला सगळ्या, वेळेवर. यात शंका नको. घरात स्किडने बाळ दगावल्याचा इतिहास असेल तर मात्र जन्माआधीच डॉक्टरांशी बोला. बीसीजी, तोंडावाटे देतात ती पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी आहेत. अशा बाळाला त्या तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबवतात. बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस जन्मानंतर लगेच देतात, म्हणून हे आधी ठरलेलं असावं लागतं.

स्किड बरा होतो?

होतो. १९६८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला रॉबर्ट गुड यांच्या गटाने बहिणीच्या बोनमॅरोने एका बाळाला वाचवलं. वेळ फार महत्त्वाची. उत्तर अमेरिकेतल्या २४० बाळांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतर हयात होती. अंगात संसर्ग असताना करावं लागलं तिथे यश बरंच कमी होतं. त्यामुळे आजार अंगावर काढू नका, हे मी कळकळीने सांगतो.

जनुकोपचारही आहेत. पॅरिसमध्ये सुरुवातीला काही मुलांच्या टी पेशी उत्तम घडल्या, पण घातलेलं जनुक नको त्या जागी बसल्याने त्यांतल्या काहींना ल्युकेमिया झाला. त्यानंतर जनुक पोचवण्याची साधनं बदलण्यात आली.

प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर, काढे, झिंकच्या गोळ्या द्याव्यात का?

संकेत-प्रथिनांतला जन्मजात दोष कुठल्याही पावडरीने भरून येत नाही. निरोगी मुलाला तिची गरज नाही.

आहाराचा संबंध मात्र खरा आहे. कुपोषणात थायमस आकसतो. उपासमारीत चरबीच्या पेशींकडून येणारं लेप्टिन कमी होतं आणि थायमसमधल्या पेशी मरू लागतात. झिंक कमी पडलं तरी तसंच. ओहोटीला खडपावरून फोडून आणलेली कालवं ही झिंकने सर्वांत समृद्ध अन्नांपैकी एक. मोठ्या मुलांना नीट शिजवून जरूर द्या. मासे खात नसाल तर डाळी, तीळ, काजू, दूध आहे. गोळ्या मात्र मनाने महिनोन्‌महिने देऊ नका. जास्त झिंकने तांबं कमी पडतं आणि तांबं कमी पडलं की न्यूट्रोफिल घटतात. वाढवायला गेलो आणि कमी झालं, असं होतं ते.

नाळेतलं रक्त पैसे भरून साठवून ठेवलं तर पुढे बाळाला उपयोगी पडेल ना?

अशा जन्मजात दोषात बाळाचं स्वतःचं नाळेतलं रक्त प्रत्यारोपणाला चालत नाही, कारण त्यातल्या मूळ पेशींतही तोच दोष असतो. घरात आधी स्किडचं बाळ असेल आणि दुसरं होणार असेल तर दुसऱ्याच्या नाळेतलं रक्त, त्याला स्वतःला दोष नसेल आणि एचएलए (पेशींवरची ओळखीची प्रथिनं) जुळलं तर, पहिल्याच्या उपयोगी पडू शकतं. ते प्रसूतीच्या वेळीच गोळा करावं लागतं, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच प्रत्यारोपण केंद्राला कळवून ठेवा.